‘तिकडेच’ की ‘तिकडेही’? मिक्सरमध्ये आवाज दुप्पट येतो तेव्हा

संक्रांतीच्या दोन दिवस आधी फोन आला. "अण्णा, बुवा पाइपात बसून गायलालेत का ओ?"

गाणं सिद्धरामेश्वरांवरचं होतं, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी केलेलं. एक बुवा, मागे पाच जणांचा कोरस, हार्मोनियम, हलगी, संबळ, टाळ. माझ्या खोलीत हेडफोनवर ते झकास वाजत होतं. मंडळाच्या पोरांनी टेम्पोवरच्या कर्ण्यावर लावलं आणि बुवांचा आवाज नळीतून आल्यासारखा, नाकात अडकल्यासारखा यायला लागला. हलगी ठीक, टाळ ठीक, फक्त गाणारी माणसं पाइपात.

त्या रात्री मी काय केलं ते आधी सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. इक्वलायझर उघडला, 500 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलाय असं वाटलं म्हणून तिथे वाढवलं. मग आवाज बोचायला लागला म्हणून वरचं कापलं. मग पातळ वाटला म्हणून लहान-मोठे आवाज एका पातळीला आणणारा कॉम्प्रेसर. मग एकूण पातळी लाल व्हायला लागली म्हणून मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज शेवटी जिथे एकत्र होतात तिथे, लिमिटर आणखी दाबला. दोन तास गेले, सात प्लगइन वाढले आणि बुवा अजून पाइपातच. शेवटी वैतागून गायकांची अख्खी बस, म्हणजे सगळ्या गाणाऱ्यांना एकत्र आणणारा मिक्सरमधला ट्रॅक, म्यूट केली. सगळे गप्प व्हायला हवे होते. कोरस गप्प झाला, पण बुवा निवांत गात राहिले.

तिथे खरं दुखणं सापडलं. बुवांचा ट्रॅक बसमध्ये जात होताच, पण बसला वळसा घालून थेट मास्टरलाही जात होता. एकच आवाज दोन वाटांनी मास्टरला पोचत होता.

गाणी मिक्स करायला मी एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरतो, त्यामुळे पुढची नावं तिथली आहेत. बाकीच्यांसाठी शेवटाकडे दोन शब्द लिहिलेत.

एफएलच्या मिक्सरमध्ये प्रत्येक ट्रॅक मुळात मास्टरला जोडलेला असतो. एखादा ट्रॅक निवडला की बाकीच्या ट्रॅकच्या तळाशी छोटे बाण दिसतात. ज्या ट्रॅकखालचा बाण दाबाल तिकडे नवी वायर जाते. यातली मेख अशी की नवी वायर जोडली म्हणून जुनी सुटत नाही. तुम्ही मनात म्हणता "हा आवाज आता बसमध्ये गेला", सॉफ्टवेअर म्हणतं "बसमध्येही गेला". हा ‘च’ आणि ‘ही’ मधला फरक एकदा डोक्यात बसला की राउटिंगच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

बस म्हणजे ‘तिकडेच’. पाच कोरसवाले एका फेडरखाली, म्हणजे पातळी कमी-जास्त करायच्या एकाच सरकपट्टीखाली, आणायचे आहेत, तर त्यांचा आवाज फक्त बसमध्ये जायला हवा. पाचही ट्रॅक निवडा, बसच्या बाणावर राइट क्लिक करा आणि ‘राउट टू धिस ट्रॅक ओन्ली’ घ्या. मास्टरची वायर आपोआप सुटते. मी त्या दिवशी पाच कोरसवाल्यांना हे नीट केलं होतं. बुवांचा ट्रॅक नंतर, एक कडवं पुन्हा गायले तेव्हा नवा घेतला आणि घाईत नुसता बाण दाबला.

सेंड म्हणजे ‘तिकडेही’. रिव्हर्बसाठी, म्हणजे आवाजाला घुमवणाऱ्या इफेक्टसाठी, हेच हवं असतं. मूळ आवाज आपल्या वाटेने जातो, त्याची थोडी नक्कल रिव्हर्बच्या ट्रॅकला जाते आणि तिथून घुमून मास्टरला येते. इथे साधा क्लिक बरोबर, ‘ओन्ली’ चूक. घाईत ‘ओन्ली’ घेतलंत तर मूळ आवाज गायब होतो आणि नुसतं घुमणं उरतं. गायक सिद्धेश्वर तलावाच्या पलीकडच्या काठावरून गातोय असं वाटायला लागतं.

पाइप कुठून आला

दोन वाटा असल्या तर आवाज नुसता मोठा व्हावा, त्याला नळीचा रंग का चढतो? कारण दोन्ही वाटा एकाच वेळी पोचत नाहीत. दोन्ही नकला तंतोतंत एका क्षणी पोचल्या तर बेरीज होऊन पातळी बरोबर 6 डेसिबलने वाढते, रंग बदलत नाही. म्हणून बसवर एकही इफेक्ट नसेपर्यंत कुणाला काही कळत नाही. आवाज मोठा आला की बरंच वाटतं, माणसाचा कान तसाच आहे.

मग तुम्ही बसवर एखादं प्लगइन टाकता. त्याला हिशेब करायला थोडा वेळ लागतो. एफएल हा उशीर ओळखून बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे ओढतं, पण त्यासाठी प्लगइनने आपला उशीर खरा सांगावा लागतो. माझ्या बसवर सूर सरळ करणारं एक जुनं प्लगइन होतं, ते काहीच सांगत नव्हतं. उशीर एक मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 44,100 तुकडे अशा सॅम्पल रेटला जेमतेम 44 तुकडे, म्हणजे सॅम्पल. वेगळा प्रतिध्वनी ऐकू येण्याइतका हा उशीर नाही. पण एक मिलिसेकंद मागे-पुढे असलेल्या दोन सारख्या आवाजांची बेरीज केली की 500 हर्ट्झला दोघं एकमेकांना खोडून काढतात. तसंच 1500 ला, 2500 ला, 3500 ला. आलेख काढला तर फणीच्या दातांसारखा दिसतो, म्हणून याला कोम्ब फिल्टर म्हणतात. माणसाच्या गळ्याचा सगळा मांस-मसाला याच पट्ट्यात असतो.

इक्वलायझरने हे का भरत नाही तेही इथेच कळतं. जिथे दोन आवाज एकमेकांना शून्य करतात, तिथे तुम्ही बेरजेनंतर कितीही वाढवलं तरी शून्यालाच वाढवता. मी दोन तास तेच करत होतो.

माझ्या खोलीत हे का कळलं नाही? हेडफोनवर कोरस डाव्या-उजव्या बाजूला पसरलेला, त्यावर रुंद रिव्हर्ब, त्यामुळे मधला पाइप झाकला गेला. कर्णा एकच, मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र, आणि खालचे-वरचे सूर तो टाकूनच देतो. उरतो मधला पट्टा, म्हणजे नेमकी खराब झालेली जागा. तेव्हापासून मी कुठलंही मंडळाचं गाणं मास्टर मोनो करून एकदा ऐकतोच. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत तुमचं स्टिरिओ ऐकायला कुणी थांबत नाही.

शोधायचं कसं

माझी एक चाचणी आहे, ती सगळ्यात आधी करा: बस म्यूट करा आणि गाणं चालवा. त्या बसमधला एकही आवाज ऐकू यायला नको. जो येतो तो पळवाटेने येतोय. तो ट्रॅक निवडा आणि मास्टरच्या तळाचा बाण बघा, बहुतेक वेळा तो चालू सापडतो. बाण बंद करा, काम झालं.

बस म्यूट केल्यावर पूर्ण शांतता आहे, तरी संशय आहे? मग मीटर बघा. एकच ट्रॅक वाजवा, पॅन, म्हणजे डावं-उजवं, मधोमध, मास्टरवरचे सगळे इफेक्ट बंद, मास्टरचा फेडर जागच्या जागी, बसवरही काही नाही. ट्रॅकचा काटा -12 वर जात असेल तर मास्टरचाही तिथेच जायला हवा. मास्टरवर -6 दिसलं तर कुठेतरी दुसरी वाट उघडी आहे. हा 6 चा आकडा इतका पक्का आहे की मी आता वायरी बघायच्या आधी मीटर बघतो. माझ्या वडिलांना कापडाच्या मागावर हेच करताना बघितलंय. कापडात पट्टा आला की ते कापड बघत बसायचे नाहीत, पाठीमागे जाऊन बीमपासून, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळापासून, धागा धरून पुढे यायचे.

उलटी तक्रारही येते: ट्रॅकचा मीटर नाचतोय आणि आवाजच नाही. तिथे दोन्ही वायरी सुटलेल्या असतात. मास्टरचा बाण बंद केला आणि दुसरीकडे जोडायचं राहिलं, एवढंच.

तिसरी तक्रार पोरं फार विचारतात: "फेडर पूर्ण खाली ओढलाय, तरी आवाज येलालाय." यात दोन शक्यता. पहिली, तुम्ही भलताच फेडर ओढताय. चॅनल रॅकमध्ये, म्हणजे गाण्यातल्या वाद्यांच्या आणि सॅम्पलच्या यादीत, प्रत्येक चॅनलशेजारी तो मिक्सरच्या कुठल्या ट्रॅकला जोडलाय त्याचा आकडा असतो. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा असतील तर तो चॅनल थेट मास्टरला जातो, मधल्या कुठल्याही फेडरचा त्याच्याशी संबंध नाही. बाहेरून ओढून आणलेले हलगीचे सॅम्पल हमखास असे मोकाट सुटलेले असतात. चॅनल निवडा, मिक्सरमध्ये ट्रॅक निवडा, कंट्रोल-एल दाबा, जोडला गेला. दुसरी शक्यता अशी की त्या ट्रॅकच्या इफेक्टच्या रांगेत ‘फ्रूटी सेंड’ बसवलाय. तळाच्या बाणाचे सेंड फेडरच्या नंतर निघतात, म्हणून फेडर खाली गेला की तेही खाली जातात. फ्रूटी सेंड मात्र फेडरच्या आधीच, रांगेतल्या आपल्या जागेवरून आवाज उचलतो. त्याला तुमच्या फेडरची खबर नसते. हे कधी मुद्दाम हवंही असतं, पण मुद्दाम केलेलं आठवत नसेल तर काढून टाका.

माणसं गेली, घुमणं राहिलं

आता रिव्हर्ब. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण भक्तिगीतं करणाऱ्यांचा अर्धा जीव यातच असतो. प्रत्येकाला गाभाऱ्यात गायल्यासारखं हवं असतं.

पहिली चूक ड्राय-वेटची. ड्राय म्हणजे मूळ आवाज, वेट म्हणजे घुमलेला. सेंडच्या ट्रॅकवर फ्रूटी रीव्हर्ब टाकला की त्यावरचा ‘ड्राय’ शून्यावर आणायचा, कारण मूळ आवाज आपल्या वाटेने आधीच जातोय. ड्राय तसाच ठेवलात तर मूळ आवाजाची दुसरी नक्कल रिव्हर्बच्या ट्रॅकमधून मास्टरला जाते, म्हणजे पुन्हा तीच दोन वाटांची गोष्ट, फक्त वेष बदललेला. याची खूण अशी: रिव्हर्ब वाढवायला जाता आणि घुमण्याबरोबर गायकही अंगावर येतो. रिव्हर्बच्या ट्रॅकवर नुसतं घुमणं हवं, शब्द स्वच्छ ऐकू येता कामा नयेत.

दुसरी चूक जास्त बेरकी आहे. पाच कोरसवाले, प्रत्येकाचा सेंड रिव्हर्बला. पाचही बसमध्ये. आणि बसचाही सेंड रिव्हर्बला, कारण ते कधीतरी केलेलं विसरून गेलं. आता रिव्हर्बला प्रत्येक आवाज दोनदा पोचतो. सगळं चिखल होतं, तुम्ही रिव्हर्बचा फेडर कमी करता, मग बुवांचं घुमणंही कमी होतं, मग बुवांचा सेंड वाढवता... हे चक्र रात्री दोनपर्यंत चालतं, अनुभवाचे बोल आहेत.

बसचा सेंड काढला आणि फक्त सुट्या ट्रॅकचे ठेवले, तर आणखी एक गंमत होते. कडव्यात कोरस हळू करायचा म्हणून बसचा फेडर खाली घेता. कोरस खाली जातो, पण त्याचं घुमणं जागचं हलत नाही, कारण ते बसच्या आधीच रिव्हर्बकडे निघून गेलंय. देवळातून माणसं घरी गेली आणि प्रतिध्वनी मंडपातच बसून राहिला असं वाटतं.

मी आता कोरससाठी सेंड फक्त बसवरून काढतो, सुट्या ट्रॅकवरून नाही. फेडर खाली, घुमणं खाली, जुळणी कायम. पाचातल्या एखाद्यालाच जास्त घुमवायचं असेल तर त्याचा वेगळा सेंड ठेवावा लागतो. मग मी कोरसचा रिव्हर्बच वेगळा करतो आणि त्या रिव्हर्बचा ट्रॅक मास्टरऐवजी कोरसच्याच बसमध्ये ‘ओन्ली’ म्हणून सोडतो. अर्थात त्या वेळी बसवरून त्या रिव्हर्बला सेंड नको. मग बसचा फेडर सगळ्यांनाच धरून हलतो. ‘हर्र’ म्हणताना सगळा कोरस एकदम उसळी मारतो, तिथे हा फरक कानाला लगेच कळतो.

एक लक्षात ठेवा, बाणाचा सेंड ट्रॅकवरच्या इफेक्टच्याही नंतर निघतो. आमच्या पूर्व भागात दिवसा रेकॉर्डिंग केलं तर दाराबाहेरच्या मागांची खटखट माइकमध्ये येतेच. ट्रॅकवर आधी कॉम्प्रेसर असेल तर दोन ओळींच्या मधली शांतता तो वर उचलतो, म्हणजे खटखट वर येते आणि तीच सेंडने रिव्हर्बमध्ये जाऊन गाभाऱ्यात माग चालू होतो. म्हणून शांततेत ट्रॅक बंद करणारं गेट आधी, कॉम्प्रेसर नंतर. त्याहून बरं म्हणजे रात्री माग बंद झाल्यावर रेकॉर्ड करा.

गाताना कानात दोन बुवा

हीच तक्रार रेकॉर्डिंगच्या वेळी वेगळ्या रूपात येते. गायक हेडफोन काढून म्हणतो, "मला माझाच आवाज दोनदा येतोय." इथेही दोन वाटा. एक, ऑडिओ इंटरफेसचं, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचं, डायरेक्ट मॉनिटरिंग, जे आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनला देतं. दुसरी, एफएलच्या ज्या ट्रॅकवर माइकचं इनपुट निवडलंय, तो ट्रॅक मास्टरमधून परत हेडफोनला येतो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा गठ्ठा उचलतो तो, 512 सॅम्पलचा असेल तर नुसत्या त्या एका बफरचे 11.6 मिलिसेकंद होतात. हवेत तेवढ्या वेळात आवाज साधारण चार मीटर जातो. म्हणजे बुवांच्या कानात एक बुवा आणि तेरा फुटांवर दुसरे बुवा. प्रत्यक्षात जाण्या-येण्याचे दोन्ही बफर धरले तर अंतर आणखी वाढतं.

दोन्हीतली एक वाट बंद करा. बफर 128 वर आणून संगणक कुरकुरत नसेल तर एफएलमधूनच ऐकवा, गायकाला थोडा रिव्हर्बही देता येतो. जुनं मशीन असेल तर डायरेक्ट मॉनिटरिंग ठेवा आणि त्या ट्रॅकचा मास्टरकडचा बाण बंद करा. रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही.

आणि मग पुढचा फोन येतो: "रेकॉर्ड झालं, वेव्ह दिसतेय, पण वाजत नाही." साहजिक आहे. रेकॉर्ड झालेली क्लिप त्याच ट्रॅकला जोडली जाते आणि त्या ट्रॅकची मास्टरची वायर तुम्हीच तोडलीय. म्हणून माइकसाठी एक ट्रॅक कायमचा राखून ठेवा, त्याचं नाव ‘माइक’ ठेवा, आणि झालेली क्लिप उचलून ‘बुवा’ नावाच्या ट्रॅकला जोडा. असं केलं नाही तर आणखी एक त्रास: मिक्स करतानाही त्या ट्रॅकचं इनपुट उघडं राहतं आणि खोलीतला पंखा, कुकरच्या शिट्ट्या सगळं गाण्यात येत राहतं. एकदा मी अर्धा तास टाळाच्या ट्रॅकमधला ‘हम’ शोधत होतो. तो कूलर होता.

साइडचेन, थोडक्यात

साइडचेन म्हणजे एका आवाजाच्या इशाऱ्यावर दुसरा दाबणं. डीजे मिक्स करणाऱ्या पोरांची तक्रार: किक वाजली की बेस दबायला हवा म्हणून किक बेसच्या ट्रॅकला जोडली, तर किकच फाटली. कारण पुन्हा ‘ही’. साध्या बाणाने किकचा आवाज बेसच्या ट्रॅकमध्ये शिरतो, बेसच्या डिस्टॉर्शनमधून जातो आणि मास्टरला दुसऱ्यांदा पोचतो. राइट क्लिक करून ‘साइडचेन टू धिस ट्रॅक’ घ्या. त्याने वायर जोडली जाते पण पातळी शून्य राहते, किकची फक्त खबर जाते, आवाज जात नाही. मग बेसवरच्या फ्रूटी लिमिटरमध्ये कॉम्प्रेसरच्या पानावर साइडचेनच्या चौकटीत राइट क्लिक करून किक निवडा, थ्रेशोल्ड, म्हणजे दाब सुरू होण्याची पातळी, खाली आणा आणि रेशो, म्हणजे दाबायचं प्रमाण, वाढवा. यातलं एक जरी राहिलं तरी काहीच होत नाही आणि पोरं दुसरं प्लगइन डाउनलोड करायला धावतात.

आता बाकीच्या सॉफ्टवेअरचं. रीपरवाल्यांना ‘च’ आणि ‘ही’चा घोळ ‘मास्टर सेंड’च्या खुणेत सापडेल. बसला सेंड काढला तरी ती खूण चालूच राहते, ती हाताने काढावी लागते. ट्रॅक फोल्डरमध्ये ठेवले तर हा त्रास होत नाही, कारण आवाज आपोआप फोल्डरच्या ट्रॅकमधून जातो. एबलटन लाइव्हमध्ये ट्रॅकचं आउटपुट एकाच ठिकाणी जातं, त्यामुळे बस करताना हा घोळ सहसा होत नाही. रिव्हर्बच्या ड्रायचा घोळ मात्र सगळीकडे तितकाच.

बुवांच्या गाण्याचं सांगायचं राहिलं. मास्टरचा एक बाण बंद केला. आवाज एकदम खाली आला, आणि मला क्षणभर वाटलं की गाणं पडलं. फेडरने तेवढंच वर घेतलं. मग ते सात प्लगइन एकेक करून काढत गेलो. सहा निघाले, एक साधा इक्वलायझर राहिला. मोनो करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं आणि पहाटे फाइल पाठवली. सकाळी टेम्पोवाल्याचा निरोप आला: बुवा पाइपातून बाहेर आलेत, पण हलगी आता कमी वाटतेय. ती कमी नव्हती. आधी लिमिटर सगळंच दाबत होता, आता बुवा मोकळे झाले आणि हलगी त्यांच्यामागे गेली, इतकंच. दीड डेसिबल वाढवून दिली.